रविवार कोणाचा?

रविवारी पहाटे सहाच्या सुमाराला वरळी सी फेसवर गेलात, तर कठड्यापाशी तीन-चार जोडपी हमखास दिसतात. लग्न अजून दोन महिने लांब असतं, पण मुलीने जमिनीवर लोळणारा झगा घातलेला असतो, मुलाने कोट. पाठीमागे वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या तारा आणि वर नुकतंच फटफटणारं आकाश. समोर गुडघ्यावर बसलेला छायाचित्रकार सूर्य वर येण्याआधीचा मऊ उजेड हातचा जाऊ नये म्हणून घाई करत असतो. हा आदल्या रात्री कुठल्या तरी रिसेप्शनला स्टेजसमोर उभा होता. मध्यरात्री घरी येऊन त्याने मेमरी कार्डं कॉपीला लावली, जेमतेम तीन तास डोळा लागला आणि तो इथे आला. दुपारी साखरपुडा आहे, संध्याकाळी बारसं. आज त्याच्याकडे तीन कामं आहेत, म्हणून ओळखीतले लोक त्याला यशस्वी म्हणतात. तोही स्वतःला तसंच म्हणतो.

इथून महालक्ष्मी फार लांब नाही. 24 एप्रिल 1890 रोजी तिथल्या मैदानावर सुमारे दहा हजार गिरणी कामगार जमले होते. त्यात बायकाही होत्या आणि दोघींनी भाषणं केली. सभा बोलावली होती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. महात्मा फुल्यांचे हे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. मागणी होती आठवड्यातून एक दिवस सुट्टीची. 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी ती मान्य केली आणि गिरणगावाला रविवार मिळाला. आज आपण ज्याला सहज ‘संडे’ म्हणतो, तो या भागातल्या माणसांनी मागून, भांडून घेतलेला दिवस आहे.

त्याच्याही आधी, सप्टेंबर 1884 मध्ये, परळच्या सुपारीबागेत लोखंड्यांनी कामगारांची सभा घेतली होती आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार झालं होतं. त्यातल्या मागण्या आज वाचल्या की मी थबकतो. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. मजुरी पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावी. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय. हे निवेदन घेऊन वरळी, दादर, लालबाग, गिरगावातल्या कुठल्याही स्वतंत्र छायाचित्रकाराकडे जा. यातली एकही गोष्ट त्याच्याकडे सहसा नसते. फरक एवढाच, की मालकही तोच असतो आणि कामगारही तोच, त्यामुळे निवेदन द्यायचं कुणाला हे त्याला कळत नाही.

अशा कामातून जे घडतं त्याला ‘बर्नआउट’ म्हणतात. शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे, म्हणून तो नेमका समजून घेऊ. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये त्यावर पहिला गाजलेला लेख लिहिला. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात मनापासून राबणारे तरुण स्वयंसेवक काही महिन्यांतच आतून विझताना त्याने पाहिले होते, आणि तो स्वतःही त्यातून गेला होता. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक या संशोधिकेने हे मोजायची पद्धत तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आपल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या जागचा सततचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे होणारी अवस्था, असं म्हटलं आहे. तिच्या तीन खुणा: शक्ती संपून जाणं, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागणं.

पहिली खूण ओळखायला सोपी आहे, सीझनमध्ये सगळेच दमतात. पण साधा दमलेला माणूस दोन दिवस झोपला की उठून कॅमेऱ्याची बॅग भरतो. दुसरी खूण खरी घातकी. सप्तपदी चालू असते, मुलीच्या वडिलांचे डोळे भरून आलेले असतात, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेल्या माणसाच्या मनात फक्त ‘हे एकदाचं संपू दे’ असतं. ज्या हळवेपणावर त्याचं पोट आहे, तोच आटू लागतो. मग तिसरी खूण मागोमाग येते. दुसऱ्यांचे फोटो मोबाइलवर पाहत रात्री दोनला तो ठरवतो, की आपल्याला जमतच नाही. अशा वेळी बहुतेक जण काय करतात? आणखी काम घेतात. नवी लेन्स घेतात, तिचे हप्ते भरायला आणखी तारखा घेतात.

तारखा. या धंद्यात यश त्याच मापाने मोजलं जातं. ‘डिसेंबर फुल आहे’ हे वाक्य छाती काढून म्हटलं जातं. फुल डिसेंबरमध्ये खरोखर काय असतं, ते एकदा कागदावर मांडून पाहू. आकडे मी समजण्यापुरते घेतोय, प्रत्येकाने आपले घालावेत.

समजा, दोन दिवसांच्या लग्नाची ऑर्डर 1,20,000 रुपयांची आहे. दुसरा फोटोग्राफर आणि व्हिडिओवाला यांचे 35,000, अल्बमचे 18,000, हेल्पर आणि गाडीचे 7,000, कॅमेऱ्याची झीज, हार्ड डिस्क, सॉफ्टवेअर यांचे 10,000. एकूण 70,000 गेले, 50,000 उरले. आता तास मोजू. भेटी आणि फोन 8 तास, लग्नाचे दोन दिवस मिळून 28, बॅकअप आणि निवड 10, एडिटिंग 40, अल्बमचं डिझाइन आणि ‘मावशींचा फोटो राहिला’ अशा दुरुस्त्या 14. झाले शंभर तास. म्हणजे तासाला 500 रुपये. वाईट नाही. पण गिऱ्हाइकाला, घरच्यांना आणि बऱ्याचदा त्या छायाचित्रकारालाही यातले फक्त 28 तास दिसतात. बाकीचे 72 रात्री खाऊन टाकतात.

अशा तीन ऑर्डरी एका महिन्यात घेतल्या, की तीनशे तास होतात, आठवड्याला सुमारे 70. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका 35 टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्के जास्त आढळला होता. दोन ऑर्डरी घेतल्या तर आठवड्याचे तास 47 च्या आत राहतात. म्हणजे अशा कामांची सुरक्षित मर्यादा महिन्याला दोन, फार तर एखादं छोटं काम वर. हे गणित कुणीही कधी समजावून सांगत नाही, ना कॅमेरा विकणारा, ना फोटोग्राफी शिकवणारा.

लगेच प्रश्न येतो, घर कसं चालायचं? त्याचंही उत्तर त्याच कागदावर आहे. जुन्या दराने तीन कामं केली तर हातात 1,50,000 येतात. दर चौथ्या हिश्शाने वाढवून 1,50,000 केला, खर्च तोच धरला, तर एका कामामागे 80,000 उरतात आणि दोन कामांतच 1,60,000 होतात. वाढलेल्या दराने काही गिऱ्हाइकं जातील, हे खरं. तीनातलं एक गेलं तरी चालणार आहे, हे गणित मांडल्याशिवाय कळत नाही आणि म्हणून भीती जात नाही. दर वाढवायला धीर लागतो, मी ते कमी लेखत नाही. नवशिक्याला तर तो अधिकार लगेच मिळतही नाही. पण दहा वर्षं या धंद्यात काढलेला माणूस अजून नवशिक्याच्या भावाने तारखा भरत असेल, तर त्याने एक संध्याकाळ या कागदाला द्यायलाच हवी.

लोखंड्यांच्या निवेदनातली सूर्यास्ताची अट इथे फार जवळची वाटते. गिरणीला निदान भोंगा होता. वरळीच्या बीडीडी चाळींतली खोली 160 चौरस फुटांची. तिथे राहणाऱ्या एडिटरचा कॉम्प्युटर पलंगाच्या पायथ्याशीच असणार, काम संपवून जायचं कुठे? 2025 च्या ऑगस्टमध्ये पुनर्विकासातली पहिली 556 घरं रहिवाशांच्या ताब्यात आली, 500 चौरस फुटांची. जागा वाढली की कामाची खोली वेगळी होईल असं वाटतं, पण भोंगा आपोआप वाजायला लागत नाही. तो स्वतःच वाजवावा लागतो. रात्री नऊनंतर गिऱ्हाइकाच्या मेसेजला उत्तर न देणं, हे कोटेशनमध्येच लिहून टाकावं. लिहिलेली गोष्ट लोक पाळतात. न लिहिलेली मागितली की माणूस अडून बसलाय असं वाटतं.

छायाचित्रकाराने स्वतःला किती ताणावं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण दादर-गिरगावचंच आहे. दादासाहेब फाळके चित्रपटाआधी स्वतंत्र छायाचित्रकार होते, हे आपण विसरतो. बडोद्याच्या कलाभवनात ते ही विद्या शिकले, 1895 च्या सुमाराला गोध्र्याला जाऊन त्यांनी फोटोग्राफीचा धंदा केला. तिथे 1900 च्या प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेलं. बडोद्याला परतून पुन्हा धंदा मांडला, तर कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो अशी आवई गावात उठली आणि गिऱ्हाइकं आटली. लोकांची समजूत चुकीची होतीच. पण कॅमेऱ्यामागच्या माणसाची शक्ती तो खरोखर शोषू शकतो, हे फाळक्यांनी पुढे दाखवलं. 1911 मध्ये ईस्टरच्या सुमाराला गिरगावातल्या तंबूत त्यांनी येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्या वेडाने ते झपाटले. रोज चार-पाच तास चित्रपट पाहायचे, उरलेला वेळ प्रयोग, झोप जेमतेम तीन तास. काही महिन्यांत डोळे गेले. चक्क दिसेनासं झालं. डॉ. प्रभाकर यांनी उपचार केले, वेगवेगळे चष्मे दिले, तेव्हा कुठे दृष्टी परत आली.

ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो. मला वाटतं ती धोक्याची सूचना म्हणून सांगायला हवी. डोळे परत आले नसते, तर 3 मे 1913 रोजी कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागलाच नसता. आणि त्याच माणसाच्या आयुष्यात याच्या अगदी उलट वळणाचं एक काम आहे. लंडनहून कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं, समोर कॅमेरा लावला आणि महिन्याहून जास्त काळ रोज एकेक चौकट टिपली. ‘अंकुराची वाढ’ ही मिनिटभराची फिल्म अशी तयार झाली. ती पाहून माणसांचा विश्वास बसला आणि ‘हरिश्चंद्र’साठी पैसा उभा राहिला. रोपाला घाई करता येत नव्हती, म्हणून कॅमेऱ्यालाही करता आली नाही. पुढे 1918 मध्ये मोठी कंपनी उभी राहिली, भागीदारांशी पटेना, तेव्हा ते ती सोडून काशीला निघून गेले. तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं आणि 1922 मध्ये परत येऊन चित्रपट हाती घेतले. यश सोडून जाणं आणि परत येणं, दोन्ही त्यांना जमलं.

पैशांची वेळ, ही निवेदनातली चौथी मागणी. लोअर परळ-वरळीच्या काचेच्या इमारतींतल्या कंपन्यांची कामं करणाऱ्या छायाचित्रकाराला सर्वांत जास्त कुरतडतं ते थकलेलं बिल. शूट मार्चमध्ये, पैसे सप्टेंबरमध्ये. इथे एक कायदा त्याच्या बाजूने आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यानुसार, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघू व्यावसायिकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत करार करूनही 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी करारच नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. छायाचित्रण ही सेवा असल्याने त्याची नोंदणी करता येते, ती ऑनलाइन आणि मोफत होते. तक्रार करायची वेळ सहसा येतही नाही. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि 45 दिवसांचा उल्लेख असला, की पलीकडचा लेखा विभाग त्या बिलाकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

  

शरीराबद्दल बोलायला छायाचित्रकार लाजतात. मोठी लेन्स लावलेला कॅमेरा दोन-अडीच किलोचा, असे दोन खांद्यावर, बारा-चौदा तास. मान, खांदा, मनगट, कंबर बोलू लागतात आणि माणूस मलम चोळून पुन्हा उभा राहतो. नोकरदाराला आजारपणाची रजा असते. याला एक मोडलेलं मनगट म्हणजे सगळा सीझन. आरोग्यविमा आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, या दोन गोष्टी नव्या कॅमेऱ्याच्या आधी यायला हव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

विसाव्यासाठी आपल्या पंचांगाने एक जागा करून ठेवली आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास, लग्नाचे मुहूर्त नाहीत. छायाचित्रकार याला ‘डल पीरियड’ म्हणतात आणि धास्तावतात. मग दहीहंडी, गणपती, बॅनर, जे मिळेल ते घेत सुटतात. लालबाग-परळच्या माणसाने गणपतीत कॅमेरा खाली ठेवावा असं मी म्हणणार नाही, त्याला ते शक्यही नाही. पण त्या चार महिन्यांतले सलग पंधरा दिवस तरी फक्त शरीराचे आणि घरच्यांचे असावेत. आणि काही दिवस अशा फोटोंचे, जे कुणी मागितलेले नाहीत.

हे मागितल्याशिवाय काढलेले फोटो मला फार महत्त्वाचे वाटतात. मॅस्लॅक आणि तिचे सहकारी सांगतात, की माणूस फक्त कामाच्या ओझ्याने विझत नाही. कामावरचा ताबा, मोबदला, सोबत, न्याय आणि मूल्यं, यांत कामाशी सांधा निखळला तरी विझतो. सुधारक ओलवे मुंबईच्या वर्तमानपत्रांत काम करत असतानाच वर्षानुवर्षं महापालिकेच्या सफाई कामगारांचं आयुष्य टिपत राहिले. गटारात उतरणारी, कचऱ्याच्या गाडीवर उभी असलेली ती माणसं त्यांच्या फोटोंमुळे या शहराला दिसली. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुरस्कार नसता मिळाला तरी ते काम तितकंच मोलाचं राहिलं असतं, आणि ते कुठल्याही तारखांच्या हिशेबात बसत नाही. गौतम राजाध्यक्षांनी चेहऱ्यांचे फोटो काढायला 1980 मध्ये सुरुवात केली, पण जाहिरात कंपनीतली नोकरी सोडली ती 1987 मध्ये. सात वर्षं त्यांनी थांबून पाहिलं. ‘नोकरी सोड आणि स्वप्नामागे धाव’ असं सांगणाऱ्यांनी ही सात वर्षं ध्यानात घ्यावीत.

आणि होमाय व्यारावाला. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. स्वातंत्र्याचा क्षण, नेहरू, गांधीजींची अंत्ययात्रा, सगळं त्यांच्या कॅमेऱ्यात आहे. पती 1969 मध्ये गेले आणि 1970 मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षात, त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. नव्या छायाचित्रकारांची धक्काबुक्की, वागण्यातला सुटलेला तोल त्यांना मानवेना. पुन्हा त्या धंद्याकडे वळल्या नाहीत. नंतरची बरीच वर्षं वडोदऱ्यात एकट्या राहिल्या, बाग सांभाळली, घरातली सुतारकामं, नळकामं स्वतः केली, फुलांच्या जपानी रचना केल्या. 2011 मध्ये पद्मविभूषण आलं, 2012 च्या जानेवारीत वयाच्या 98 व्या वर्षी त्या गेल्या. कॅमेऱ्याविना चाळीसहून जास्त वर्षं! त्यांचं आयुष्य अपुरं राहिलं असं कोण म्हणेल?

सगळ्यांनीच कॅमेरा ठेवून द्यावा असं नाही. बहुतेकांना ते परवडणारही नाही. पण ‘किती पुरे’ हा आकडा प्रत्येकाने सीझन सुरू होण्याआधी, शांत डोक्याने, घरच्यांसमोर ठरवावा. महिन्याला किती तारखा, आठवड्याला किती तास, कुठला वार आपला. लग्नं रविवारीच असतात, तर मंगळवार घ्या, पण तो डायरीत ऑर्डरीसारखा लिहा. त्या दिवशी कुणी तारीख मागितली तर ‘बुक आहे’ म्हणा, ते खरंच असेल. आणि वर सांगितलेल्या तीन खुणा महिनोन्‌महिने जात नसतील, झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर एकट्याने झुंजू नका. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

आता थोडं छायाचित्रकाराला बोलावणाऱ्यांसाठी. लोखंड्यांनी 1884 मध्ये दुपारचा अर्धा तास मागितला होता. तुमच्या घरच्या कार्यात फोटो काढणारा माणूस सकाळी सहाला आलेला असतो आणि दुपारी तीनला, सगळ्या पंगती उठल्यावर, गार झालेला वरणभात उभ्याने खातो. पहिल्या पंगतीला जेवणाऱ्यांचे फोटो कुणाला फारसे लागत नाहीत. त्या वेळी त्याला आणि त्याच्या हेल्परला तुमच्याबरोबर पानावर बसवा.